पहिला लघुपट करताना: कॅमेरा ठरवण्याआधी खोली ऐका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही पदवीच्या शेवटच्या वर्षाचे पाच जण आहात. सदाशिव पेठेतला एक वाडा पुनर्विकासासाठी लवकरच पाडला जाणार आहे आणि त्याआधी तिथेच एका आजी-नातवाची १५ ते २० मिनिटांची गोष्ट तुम्हाला चित्रित करायची आहे. हाताशी पाच दिवस आणि ६०,००० रुपये आहेत, आणि त्यांतले निम्मे तुम्ही कॅमेरा व लेन्सच्या भाड्यासाठी बाजूला काढले आहेत. आजीचे काम करणाऱ्या बाई यापूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर आलेल्या नाहीत. पहिला लघुपट करताना काय बिघडते आणि मी स्वतः काय शिकले, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली २० वर्षे पुण्यात संकलनाचे काम करते आणि त्यातला बराच भाग विद्यार्थ्यांच्या लघुपटांचा आहे. चित्रीकरण आटोपल्यावर हार्ड डिस्क घेऊन मुले माझ्याकडे येतात, तेव्हा जे घडायचे ते घडून गेलेले असते. इतक्या वर्षांत चित्र खराब आले म्हणून प्रसंगच टाकून द्यावा लागला, असे फार थोड्या वेळा झाले. आवाजापायी हातचा गेलेला प्रसंग मात्र मी दर वर्षी पाहते. म्हणून तुमच्या हिशेबात मी पहिली दुरुस्ती सुचवेन ती अशी, की कॅमेऱ्यासाठी काढलेल्या ३०,००० रुपयांपैकी किमान १०,००० रुपये आवाजाकडे वळवा. त्यात चांगला बूम माइक (लांब काठीवर धरायचा), दोन लेपल माइक (कपड्याला लावायचे छोटे), स्वतंत्र रेकॉर्डर आणि पूर्ण कान झाकणारा हेडफोन भाड्याने घ्या. लेन्स एखादी कमी असली तरी चालेल. आणि तुमच्या पाच जणांपैकी ज्याचे लक्ष सर्वांत कमी विचलित होते त्याच्याकडे आवाज सोपवा, कारण बहुतेक गटांत बूम धरण्याचे काम ज्याला दुसरे काही काम उरत नाही त्याच्या वाट्याला येते आणि प्रसंग तिथेच हातातून जातो.

हे मी स्वतःच्या लघुपटातून शिकले. २००४ साली आम्ही नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत मिनी डीव्ही कॅसेटवर चित्रीकरण केले होते. माइक कॅमेऱ्यावरच बसवलेला होता आणि आवाजासाठी वेगळे माणूस ठेवण्याचे आमच्या मनातही आले नव्हते. मैत्रिणीच्या शेजारी राहणाऱ्या ७४ वर्षांच्या माई आमच्या लघुपटात आजी झाल्या होत्या. प्रसंग साधा होता. नातू नोकरीसाठी गाव सोडून निघाला आहे, आजी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसली आहे आणि मान वर न करता म्हणते, “जाताना दार ओढून घे.” पहिल्याच टेकला माईंनी ते वाक्य असे म्हटले, की खोलीतले आम्ही सगळे गप्प झालो. आम्ही दुसरा टेकही घेतला नाही.

आठ दिवसांनी संकलनाला बसलो तेव्हा कळले, की आतल्या खोलीतल्या फ्रिजची मोटर त्या वेळी चालू होती. कॅमेरा माईंपासून दहा-बारा फुटांवर होता, म्हणून माइकपर्यंत माईंचा आवाज जेवढा पोहोचला होता तेवढीच फ्रिजची घरघरही पोहोचली होती. नातवाचा उलट बाजूचा शॉट घेतला तेव्हा मोटर आपोआप बंद पडलेली होती. त्यामुळे माईंच्या शॉटवरून नातवाच्या शॉटवर जाताना घरघर एकदम तुटायची आणि परत माईंवर आलो की एकदम सुरू व्हायची. आम्ही माईंना डबिंगला नेले. काळोख्या खोलीत, कानांवर हेडफोन लावून, पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांकडे बघत त्यांनी ते वाक्य वीसहून जास्त वेळा म्हटले आणि प्रत्येक वेळी ते पाठ केलेल्या कवितेसारखे आले. हातात मेथी नव्हती, समोर नातू नव्हता. शेवटी त्या दमल्या आणि आम्ही त्यांना रिक्षाने घरी सोडले.

मग एका अनुभवी ध्वनिसंयोजकाने आम्हाला मार्ग दाखवला. त्या खोलीत परत जा, फ्रिज चालू असताना नुसती घरघर दोन मिनिटे रेकॉर्ड करून आणा आणि ती संपूर्ण प्रसंगाखाली अखंड पसरून टाका, असे त्यांनी सांगितले. तसे केल्यावर घरघर गेली नाही, पण तुटायची थांबली आणि पाहणाऱ्यांनी तो त्या घराचाच आवाज म्हणून स्वीकारला. प्रेक्षकाच्या कानाला सतत चालणारा आवाज फारसा खुपत नाही, मधेच तुटणारा आवाज लगेच खुपतो. आज संगणकावर गोंगाट कमी करणारी साधने आहेत, पण जोर लावून वापरली की ती माणसाच्या आवाजातला ओलावाही खरवडून काढतात. ती शेवटचा उपाय म्हणूनच हाताशी ठेवावीत.

आता तुमच्या वाड्याबद्दल. रेकी, म्हणजे चित्रीकरणाआधी जागेची पाहणी, करायला तुम्ही जाल तेव्हा कॅमेऱ्याचे कोन बघायला एकदा जाणार आहातच. त्याखेरीज केवळ ऐकण्यासाठी तीनदा जा: सकाळी आठला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी सातला. ज्या खोलीत प्रसंग घडणार आहे तिथे डोळे मिटून दहा मिनिटे बसा आणि जे ऐकू येईल ते वेळेसह वहीत लिहा. कुकरच्या शिट्ट्या, पाण्याची मोटर, शाळा सुटल्यावरच्या दुचाकी, भाजीवाल्याची आरोळी, देवळातली आरती, कबुतरे. यातले पुष्कळसे ठरल्या वेळी येते आणि त्याभोवती चित्रीकरण बसवता येते. पेठांतली दीड ते चार ही दुपारची वेळ सर्वांत शांत असते, तेव्हा आजीचे महत्त्वाचे संवाद त्या वेळेत घ्या आणि बिनसंवादाचे शॉट सकाळ-संध्याकाळसाठी ठेवा. तुमच्या तारखा गणेशोत्सवाच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत येत असतील तर आताच बदला. नदीकाठी आणि मोकळ्या मैदानांवर ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी सुरू झाला की तो पेठांत लांबवर ऐकू येतो. शिवाय देखभाल-दुरुस्तीसाठी वीज किंवा पाणी बंद ठेवायचे काम पुण्यात बहुधा गुरुवारी निघते, म्हणून त्या दिवसावर मोठा प्रसंग टाकू नका.

प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळी पंखे आणि फ्रिज बंद करा. फ्रिज बंद केला की आवाज सांभाळणाऱ्याने स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय कोणी घरी जाऊ शकत नाही. आम्ही सगळे हे करतो, आणि ज्यांनी विश्वासाने घर दिले त्यांचे दूध नासणे हा किरकोळ प्रकार नाही.

माइकचे अंतर ही गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण बाकीचे बरेच काही तिच्यातून निघते. बोलणाऱ्यापासून माइकचे अंतर दुप्पट केले, की त्याचा थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने खाली येतो. खोलीतला गोंगाट आणि भिंतींवरून येणारा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. रेकॉर्डरवर आवाज वाढवून काही साधत नाही, कारण बोलणे वाढते तसा गोंगाटही वाढतो. बूम फ्रेमच्या वरच्या कडेला जवळजवळ टेकेल इतका खाली आणा, वरून तिरका धरा आणि त्याचे तोंड बोलणाऱ्याच्या छातीच्या वरच्या भागाकडे ठेवा. कॅमेरामनने प्रत्येक शॉटआधी बूमवाल्याला फ्रेमची कड हाताने दाखवायची, ही सवयच लावून घ्या. वाड्यातल्या शहाबादी फरशीवर आणि रिकाम्या भिंतींवर आवाज घुमतो, म्हणून फ्रेमबाहेर सतरंज्या, गोधड्या, गाद्या अंथरा आणि टांगा. त्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही, घरात त्या असतातच. रेकॉर्डर ४८,००० हर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवा, आणि साधे बोलणे रेकॉर्डरच्या मीटरवर उणे २० ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान राहील असे बघा, म्हणजे कोणी अचानक ओरडले तरी आवाज फाटणार नाही.

प्रत्येक ठिकाणाहून उठण्याआधी सर्वांनी जागच्या जागी थांबून एक मिनिट खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. यालाच रूम टोन म्हणतात. दिवे, माणसे, गोधड्या सगळे तसेच असले पाहिजे. दिवसभर दमलेल्या युनिटला हे मिनिट फार लांब वाटते आणि दिग्दर्शकच “जाऊ दे” म्हणतो. तुमच्या गटात त्या वेळी “जाऊ दे” म्हणायचे नाही, हे आधीच ठरवून ठेवा. आवाज स्वतंत्र रेकॉर्डरवर घेणार असाल तर प्रत्येक शॉटला क्लॅप हवीच, म्हणजे शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर वाजवायची पाटी, जिच्या आवाजावरून नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, आणि ओठ व आवाज यांच्यात तीन-चार फ्रेमचा फरक पडला की बघणाऱ्याला कारण कळत नसले तरी काहीतरी खटकते. क्लॅप विसरलात तर शॉटच्या शेवटी ती उलटी धरून वाजवा.

चित्राबद्दल थोडेच सांगते. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणून २५ फ्रेमला शटर (प्रत्येक फ्रेमवर उजेड पडू देण्याचा वेळ) एक पन्नासांश सेकंदावर ठेवा. तो एक साठांशवर राहिला तर चित्रात हलणारे काळसर पट्टे येतात, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते दिसत नाहीत आणि नंतर ते काढणे फार अवघड असते. वाड्यातले वायरिंग जुने असते, तेव्हा भाड्याचे मोठे दिवे लावण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या. डिसेंबरअखेरीस पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि चौकात त्याच्या बऱ्याच आधी उजेड उतरतो, म्हणून खिडकीच्या उजेडावर अवलंबून असलेले शॉट दिवसाच्या क्रमात आधी ठेवा.

पटकथेबद्दल एक सांगते, कारण पुस्तकांतून वाचलेला एक नियम इथे फसवतो. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक टंकाचा आणि मांडणीचा आहे. देवनागरीत टंक, अक्षराचा आकार आणि ओळींमधले अंतर प्रत्येकाचे वेगळे असते, त्यामुळे तो लागू पडेलच असे नाही. पाचही जण एकत्र बसा, कृतींसाठी थांबत पटकथा मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा. १८ मिनिटांची वाटणारी पटकथा २७ मिनिटांची निघालेली मी पाहिली आहे, आणि वरची नऊ मिनिटे चित्रित करण्यात त्या मुलांचे दीड दिवस आणि होते नव्हते ते सगळे बळ खर्च झाले होते. संकलनात ती नऊ मिनिटे पहिल्याच आठवड्यात गेली.

मोठ्याने वाचण्याचा आणखी एक लाभ असा, की लिहिलेली मराठी आणि बोललेली मराठी यांच्यातले अंतर तिथेच उघडे पडते. आमच्या पटकथेत नातवाच्या तोंडी “मी जातो आता” असे वाक्य होते. वाचनाच्या वेळी माईंनी आम्हाला थांबवले आणि म्हणाल्या, “घरातून निघताना जातो म्हणत नाहीत रे, येतो म्हणतात.” आम्ही ते “येतो मी” असे केले आणि त्या एका बदलाने प्रसंगाचा अर्थच खोल झाला, कारण तो परत येणार नाही हे प्रेक्षकाला तोवर ठाऊक झालेले होते. तुमच्या आजीबाईंनाही पटकथा वाचून दाखवा आणि त्या कुठे अडतात ते लिहून घ्या. वाक्ये त्यांच्याकडून पाठ करून घेऊ नका. प्रसंग समजावून सांगा आणि हातांना खरे काम द्या. भाजी निवडणे, वाती वळणे, कपड्यांच्या घड्या घालणे, जे त्यांनी आयुष्यभर केले आहे ते. कॅमेऱ्याची सवय नसलेल्या माणसाचा पहिला टेक बहुधा सर्वांत खरा असतो, म्हणून तालमीतच कॅमेरा आणि रेकॉर्डर चालू ठेवा. त्यांचा क्लोजअप आधी घ्या आणि सगळी खोली दिसणारा मास्टर शॉट नंतर. चित्रपटाच्या अभ्यासक्रमात शिकवतात त्याच्या हा उलट क्रम आहे हे मला माहीत आहे, पण ७० वर्षांच्या बाईंच्या चेहऱ्यावरची ताजगी दुपारी तीननंतर तुम्हाला मिळणार नाही. एक काळजी घ्या: हातातल्या कामाचा फोटो प्रत्येक शॉटनंतर काढा. निवडलेल्या मेथीचा ढीग एका शॉटमध्ये मोठा आणि पुढच्यात लहान दिसला, तर तो कट मला लावता येत नाही.

वेळापत्रक आखताना दिवसाला १० ते १२ शॉटपेक्षा जास्त धरू नका. पहिल्या दिवशी सहाच होतील, ते धरून चला. जे विनामोबदला येतात त्यांना वेळेवर नाश्ता आणि गरम जेवण मिळालेच पाहिजे, आणि तो खर्च अंदाजपत्रकात सर्वांत आधी लिहा.

फुटेज सांभाळण्याचा हिशेब सोपा आहे. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने लिहीत असेल तर एका तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. रोज दोन तास चित्रित केलेत तर पाच दिवसांत ४५० जीबी होतात. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर करा आणि त्या दोन डिस्क दोन वेगळ्या घरी ठेवा. दोन्ही प्रती उघडून, प्रत्येक फाइल चालवून बघितल्याशिवाय कार्ड कोणीही पुसायचे नाही. हे काम एकाच व्यक्तीकडे असू द्या आणि रात्री दमून आल्यावरही ती ते झोपण्याआधी करेल अशीच व्यक्ती निवडा. दोन डिस्क एकाच सॅकमध्ये ठेवल्या आणि ती सॅक रिक्षात राहिली, अशा एका गटाबरोबर मी बसले आहे. त्या मुलांना देण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते.

संकलनाला बसण्यापूर्वी आठवडाभर फुटेजपासून लांब राहा. ज्या शॉटसाठी तुम्ही पहाटे चारला उठून जिन्यावर कॅमेरा सरकवण्याचा ट्रॅक टाकला, तो तुमच्या मनात त्या कष्टांसकट बसलेला असतो आणि प्रेक्षकाला त्यातले काही दिसत नाही. शक्य असेल तर जो चित्रीकरणाला हजर नव्हता त्यालाच पहिला कट करू द्या. रफ कट, म्हणजे संकलनाची पहिली कच्ची जुळणी, तयार झाला की चित्रपटाशी संबंध नसलेल्या तीन-चार माणसांना दाखवा आणि बोलू नका. ती कुठे मोबाइलकडे बघतात, ते फक्त लिहून घ्या.

संगीताबाबत पुष्कळ जण अडकतात. तुमच्या आराखड्यात शेवटी तुकाराम महाराजांचा अभंग आहे, असे तुम्ही लिहिले आहे. अभंगाचे शब्द सतराव्या शतकातले आहेत आणि त्यांच्यावर कोणाचा हक्क नाही. पण एखाद्या गायकाने गायलेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे तो टिकतो, आणि चाल आधुनिक संगीतकाराची असेल तर त्या चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. महोत्सवाच्या प्रवेश-अर्जात संगीताच्या परवानगीबद्दल विचारतात, तेव्हा ऐनवेळी गाणे काढावे लागते आणि त्याच्या लयीवर बेतलेले सगळे कट कोसळतात. आजीबाईंनाच विचारा. त्या पिढीतल्या पुष्कळ जणींना वारकरी भजनातल्या पारंपरिक चाली येतात. वाड्यातच, काम करता करता, वाद्यांविना त्यांनी तो अभंग गुणगुणला आणि तुम्ही तो नीट रेकॉर्ड केलात, तर तुमच्या गोष्टीला त्याहून योग्य आवाज मला सुचत नाही. परवानग्यांचे म्हणाल तर वाड्याच्या मालकाची, तिथल्या सर्व भाडेकरूंची आणि काम करणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या.

शेवटचा अर्धा दिवस मोकळा ठेवा. त्या दिवशी कॅमेरा बंद करून, फक्त रेकॉर्डर आणि हेडफोन घेऊन वाड्यात फिरा. दिंडी दरवाजाची कडी, लाकडी जिन्याची प्रत्येक पायरी वर जाताना आणि खाली येताना, झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर, माजघरातली पितळी भांडी, चौकातल्या फरशीवर पडणारे पाणी, हे सगळे माइक जवळ धरून प्रत्येकी दोन-तीनदा घ्या. लघुपटात यातले पाच-सहाच आवाज लागतील, पण ते कोणते हे संकलनाच्या तिसऱ्या आठवड्यात कळते आणि तोवर तुमचा वाडा उभा नसेल. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तारीख, खोली आणि वस्तूचे नाव स्वतःच्या तोंडाने बोला, मग तीन सेकंद थांबा, आणि मग कडी वाजवा.